पातळ पट्ट्याला सुई एकदाच

हिल्मा ताकालाकडे माणसं यायची ती झाडाला टांगून घ्यायला. तासभर लोंबकळायची, मग उतरून गुडघे चोळायची आणि ट्रकमध्ये बसून निघून जायची. पुन्हा येण्याचं कारण उरत नसे, कारण हिल्माचं काम चोख असे.

तिच्या स्वयंपाकघरामागं एक जुना मेपल होता. त्याच्या खोडाला डोक्याएवढ्या उंचीवर एक पट्टा कायमचा आवळलेला, त्याला एक दोर, आणि खाली पाय ठेवायला लाकडाचा ओंडका. धनुष्यबाणानं हरणाची शिकार करणारी माणसं झाडावर वीस-वीस फूट चढतात आणि दोरानं स्वतःला खोडाशी बांधून चार-चार तास हवेत बसतात. ज्यात बसतात त्याला इकडं म्हणतात खोगीर. घोडा नाही, लगाम नाही, पण नाव खोगीर. दुकानातलं खोगीर जड असतं. म्हणून कडे चढणाऱ्यांचा हलका हार्नेस घ्यायचा आणि हिल्माकडे न्यायचा. कड्यावरच्या माणसाला तो पोटाशी धरतो. त्याला पडू द्यायचं नसतं, एवढंच त्याचं काम. पण त्यात बसायला गेलं की मांड्या बधिर होतात आणि कंबर मोडते. हिल्मा दोन्ही नितंबांच्या बाजूला मजबूत फासे बसवायची, एका फाशापासून दुसऱ्यापर्यंत दोर ओवायची, मागं रुंद कापडाची बैठक शिवायची. मग भार पोटावरून बुडाखाली जाई, आणि माणूस खोडाभोवती डावीउजवीकडे पाळण्यातल्यासारखा फिरू शके.

एकतीस वर्षं ती गावातल्या कॅनव्हासच्या कारखान्यात बोटींची आच्छादनं शिवत होती. कारखाना बंद झाला तेव्हा आपलंच यंत्र विकत घेऊन घरी आली. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरात दोन आवाज होते, यंत्राचा आणि आईच्या मागाचा. आई जाऊन नऊ वर्षं झाली. माग आता नुसता उभा असे, त्यावर हिल्मा धुतलेले टॉवेल वाळत घाली. बहुतेक काम टपालानं येई, त्यामुळं माणसं तिला नावानं कमी आणि मापानं जास्त ठाऊक. चौतीस कंबर, ओहायो. अडतीस कंबर, विस्कॉन्सिन, डावा पाय किंचित जाड.

तिचे दोन नियम होते. पहिला, तासभर टांगल्याशिवाय खोगीर हातावेगळं करायचं नाही. माणूस दारात आला तर माणूस टांगायचा, टपालाचं असलं तर त्याच्या वजनाची पोती टांगायची. दुसरा नियम आईचा, गालिच्यांचा, पण खोगिरालाही लागू: पातळ पट्ट्याला सुई एकदाच. जाड पट्ट्यात ती सुई घालतच नसे, फासे गाठीनं आवळायची. पण हल्ली कागदासारखे हलके हार्नेस निघाले होते. त्यांवर गाठ घसरायची, तिथं शिवण्यावाचून गत्यंतर नसे. आणि पातळ पट्ट्यातलं सुईचं भोक कधी बुजत नाही. आई मागावर चिंध्या विणताना म्हणायची,

*टाका घालिते बाई, टाका नीट गं घालावा,*
*उसवल्या वाटेनं पुन्हा जीव न चालावा.*

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी लायल कार्वोनेन आला. उंच, वाकलेला, पासष्टीच्या पुढचा. दारात बूट काढताना एक हात पोटाशी धरून होता.

"तुम्हीच का त्या खोगीरवाल्या?"

"मीच. दार लावून घ्या, माशा येतात."

त्यानं खिशातून हार्नेस काढला. खिशातून. हिल्मानं तो तळहातावर तोलला. पावाच्या लादीपेक्षा हलका.

"हा पट्टा आहे की रिबीन?"

"रिबीनच समजा. वसंतात ऑपरेशनला खांदा कापला माझा. डॉक्टर म्हणतो झाड सोडा. खांदा म्हणतो वजन सोडा. मी खांद्याचं ऐकायचं ठरवलं."

"डॉक्टरचं नाही?"

"डॉक्टर कधी झाडावर बसलाय का, ताकालाबाई?"

हिल्मा हसली नाही, पण तिनं माप घ्यायची फीत गळ्यातून काढली. "किती उंच चढता?"

"वीस फूट."

"बरोबर कोण असतं?"

"कोण असणार? हरीण असतं, आलं तर."

पुढच्या मंगळवारी तो टांगून घ्यायला आला. हिल्मानं फासे नारिंगी दोऱ्यानं शिवले होते. काळ्या पट्ट्यावर नारिंगी, म्हणजे एक धागा जरी तुटला तरी लगेच नजरेस पडावा. लायल ओंडक्यावर चढला, दोर अडकवला, मागं रेलला, आणि पाय उचलून खोडाला टेकवले. जमिनीपासून फूटभर वर तो बसला, तोंड झाडाकडे, पाठ हिल्माकडे. तिनं स्वयंपाकघरातलं घड्याळ साठ मिनिटांवर फिरवून ठेवलं.

एरवी ती घड्याळ लावून आत जायची. त्या दिवशी ब्लूबेरी निवडायच्या होत्या, म्हणून टोपली घेऊन बाहेरच खुर्चीत बसली. वेलदोड्याचा पाव कापून ठेवला होता, कॉफी होती. पाठमोऱ्या माणसाला बोलणं सोपं जातं. समोर चेहरा नसतो, नुसती साल असते. दहा मिनिटांनी लायल सालीशी बोलायला लागला.

"तुमचं घर मला ठाऊक आहे."

"पाटी नाही लावलेली."

"पाटी कशाला हवी. सव्वीस हिवाळे या रस्त्यावरून बर्फ हटवायच्या ट्रकचा फाळ चालवलाय मी. पहाटे पाचला सबंध रस्त्यावर एकच खिडकी पेटलेली असायची."

हिल्माचा हात टोपलीत थांबला. "कारखान्याची पाळी सहाची असायची."

"असेल. तुमच्या वाटेशी आलो की मी फाळ थोडा उचलायचो. नाहीतर सगळा बर्फ ढकलला जाऊन तुमच्या वाटेत बांध पडला असता. शेजारच्या निएमींच्या वाटेत पडायचाच. त्यांच्याकडे तीन दांडगे पोरगे, त्यांनी काढावा."

हिल्माला ते हिवाळे आठवले. तळ्याकडून रात्रभर बर्फ यायचा, सकाळी सबंध रस्ता दोन्ही बाजूंनी भिंतींत गेलेला, आणि तिच्या वाटेचं तोंड मात्र मोकळं.

"मला वाटायचं वारा नेतो."

"वारा कधी काही नेतो का? वारा आणून टाकतो."

"एकटी राहते हे कसं कळलं तुम्हाला?"

"टपालपेटीपर्यंत बुटांचे ठसे असायचे. जायचे एक, यायचे एक. आई होती ना आधी, तेव्हा दाराशी काठीची भोकं पण असायची. मग काठी गेली."

ब्लूबेरीत एक कच्ची निघाली, ती तिनं बाजूला टाकायच्या ऐवजी तोंडात टाकली. आपल्या घरात बर्फ काढायला दुसरं कुणी नाही हे कुणी बर्फावर वाचलं होतं, आणि वाचून फाळ उचलला होता. सव्वीस वर्षं. त्याबद्दल तिनं आभार मानले होते ते वाऱ्याचे.

घड्याळ वाजलं. लायल उतरला, मांड्या चोळल्या, दोन पावलं चालून पाहिलं.

"ठीक आहे. कुठं रुतत नाही. झकास बसलंय."

आता खोगीर घडी करून हातात द्यायचं, आणि तो बूट घालून जायचा. हिल्मानं घडी केली. मग तिच्या तोंडून निघालं, "डावा फासा अर्धा इंच खाली आलाय. राहू दे माझ्याकडे. मंगळवारी या."

"मला तर काही जाणवलं नाही."

"वीस फुटांवर जाणवेल."

डावा फासा अर्धा इंच खाली नव्हता. केसभरसुद्धा नव्हता. लायलचा ट्रक वळणाआड गेला तशी ती यंत्रापाशी बसली आणि उसवणीच्या पात्यानं आपलेच टाके एकेक करून कापले. नारिंगी दोऱ्याचे तुकडे मांडीवर पडत राहिले. मग तिनं तो फासा पुन्हा शिवला, होता तिथंच.

तिसऱ्या मंगळवारी तो धुरी दिलेला मासा घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तासभर झाडाशी बोलला. बायको मार्लीन चार वर्षांपूर्वी गेल्याचं सांगितलं. ती असताना घरात रेडिओ लावू देत नसे, आता तो कधी बंदच करत नाही, कारण बंद केला की फ्रिज ऐकू येतो. हिल्मा म्हणाली, तिच्याकडे फ्रिज आणि घड्याळ दोन्ही ऐकू येतात. यावर दोघांनीही कान टवकारले, आपापला फ्रिज ऐकू येत असल्यासारखे. तास संपला तेव्हा हिल्मा म्हणाली की उजवीकडे शिवण ओढली जातेय. मंगळवारी या.

चौथ्या मंगळवारी तो म्हणाला, "हिल्मा, तुझ्या हातचा पाव खाऊन कंबर एक इंच वाढली माझी. आता खरंच सैल करावं लागेल."

तो 'तू' म्हणाला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. हिल्माच्या आलं. ती आठवडाभर तो शब्द मनाशी बाळगून होती. यंत्रावर बसली की पायाखालच्या पट्टीच्या तालात तो यायचा. तू, तू, तू. तिनं पुन्हा दोन्ही फासे उसवले आणि शिवले.

बेव टपाल घेऊन यायची. रस्त्याकडेच्या पेट्या हाताशी याव्यात अशी तिची गाडी उजव्या बाजूनं चालवायची असे, म्हणून सगळ्यांच्या पेट्या आणि सगळ्यांच्या खिडक्या तिला दिसत.

"काय गं, त्या कार्वोनेनचं खोगीर अजून झालंच नाही?" खिडकीतून पाकिटं देत बेव म्हणाली. "सुलतानाचं सिंहासन शिवत्येस का?"

"पातळ पट्टा आहे. वेळ लागतो."

"पातळ पट्टा," बेव म्हणाली. "माझ्या बहिणीचा नवरा तुझ्याकडून दोन दिवसांत घेऊन गेला होता."

"त्याचा जाड होता."

"तो सगळाच जाड आहे," बेव म्हणाली आणि गाडी पुढं काढली. मग थांबवून मान बाहेर काढली. "शिकारीचा हंगाम बुधवारी उघडतोय हो. त्या दिवशी तरी बिचाऱ्याला सोड."

तो सोमवार होता. सप्टेंबरचा शेवट, तळ्यावरून आलेलं ऊन पांढरं आणि स्वच्छ. हिल्मानं शेवटची पाहणी करायला पट्टा खिडकीत धरला. शिवण एका बाजूनं पाहिली, दुसऱ्या बाजूनं पाहिली. मग तो उन्हाकडे वळवला, आणि तिला पट्ट्यातून चांदण्या दिसल्या.

भोकं. पहिल्या शिवणीची, दुसरीची, तिसरीची. प्रत्येक वेळी सुई आधीच्या भोकाच्या कडेला केसभर सरकून गेली होती. दोन भोकांमध्ये कापडाचा पूल असतो, तो पूलच उरला नव्हता. टपालाच्या तिकिटाची कड असते तशी पट्ट्यावर एक रेघ झाली होती. तिकीट तिथून फाटावं म्हणूनच ती कड असते. हिल्मानं पट्टा दोन मुठींत धरून ताणला. आवाज असा आला नाही. फक्त एका जागी रेघ उघडली, आणि सोडल्यावर पुन्हा मिटली.

मग तिनं एक काम केलं, जे पुढं तिला फार दिवस आठवत राहणार होतं. तिनं यंत्रात नवा दोरा ओवला आणि त्या रेघेवरून रुंद नागमोडी शिवण घातली. भोकं झाकली गेली. नारिंगी, दाट, देखणी शिवण. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, वा, काय हात आहे. कदाचित धरलंही असतं. एक हंगाम, दोन हंगाम.

मंगळवारी लायल आला तो खुशीत. धनुष्य गाडीतच होतं, उद्याची सगळी तयारी केलेली. "आज तास नको करूस," तो म्हणाला, "पंधरा मिनिटं बास. पहाटे उठायचंय."

त्यानं खोगीर चढवलं, बक्कल लावलं, ओंडक्यावर चढला. दोर अडकवला. हिल्माला त्याची पाठ दिसत होती. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला, मानेवरचे केस त्यानं स्वतःच कापलेले असावेत असे वेडेवाकडे. तो मागं रेलायला लागला.

"उतरा," हिल्मा म्हणाली.

"अजून टेकलो कुठं?"

"उतरा म्हणते. काढा ते अंगावरून."

तिच्या आवाजात असं काही होतं की तो मुकाट्यानं उतरला आणि पट्टे सोडवून खोगीर तिच्या हातात दिलं. काही ओढलं जातंय, आता पुन्हा पुढच्या मंगळवारी म्हणेल, असं त्याला वाटलं असावं. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. हिल्मानं ॲप्रनच्या खिशातली मोठी कात्री काढली आणि कमरेचा पट्टा मधोमध कापला. मग डाव्या पायाचा. मग उजव्या पायाचा. कापड हलकं होतं. एकेका कापातच तुटलं.

लायल ते तुकडे बघत राहिला.

"बाद झालेलं सामान कापायचं असतं," ती म्हणाली. "नाहीतर कुणीतरी उचलतं आणि त्यावर जीव टांगतं."

"ते माझं होतं."

"हो."

"कापायच्या आधी विचारायचं."

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, राहू दे, चालेल. सगळे हेच म्हणतात."

त्यानं एक तुकडा उचलला, बोटानं नागमोडी शिवण चाचपली. मग नख घालून ती जरा बाजूला सारली, आणि भोकांतून आलेलं ऊन पाहिलं. सव्वीस वर्षं फाळाचे बोल्ट तपासलेला माणूस. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कितीदा उसवलंत हे?"

"तीनदा."

"पहिल्या वेळी ठीक बसलं होतं. मी म्हणालो होतो तसं."

"हो. ठीक होतं."

"मग?"

मेपलचं एक पान खाली आलं आणि ओंडक्यावर पडलं. हिल्मानं कात्री मिटली. सांगायच्या किती तरी रीती होत्या, दोऱ्याचा दोष होता, यंत्राचा ताण बिघडला होता, डोळे कमी झालेत.

"तुम्ही परत यावं म्हणून," ती म्हणाली.

लायल कार्वोनेनचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं.

"मी यात वीस फुटांवर एकटा बसणार होतो, ताकालाबाई."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. त्यानं तुकडे गोळा केले, खिशात कोंबले, बूट घातले. नाडी बांधायला त्याला नेहमी वेळ लागे, त्या दिवशी त्यानं बांधलीच नाही.

बुधवारी, हंगाम उघडला त्या दिवशी, हिल्मा गाडी घेऊन शहरातल्या दुकानात गेली. जायला दोन तास, यायला दोन. तसाच हार्नेस घेतला, त्याच मापाचा. दुकानातल्या मुलीनं विचारलं, भेट द्यायची आहे का, बांधून देऊ? हिल्मा म्हणाली, नको, तसाच द्या. गुरुवारी ती यंत्रापाशी बसली, पण सकाळभर सुई घातली नाही. आधी खडूनं खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. माप तिला पाठ होतं, त्याच्या कमरेचं, मांड्यांचं, उजव्या बाजूला तो किंचित जास्त भार देतो त्याचंही. मग तिनं एकदाच शिवलं. फासे, बैठक, दोर. वर काढलं, उन्हाला धरलं. एकच रेघ होती, सरळ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना अंधार.

राहिला तास. माणूस येणार नव्हता. पोती टांगता आली असती, पण पोतं सांगत नाही कुठं रुततंय ते. हिल्मानं खोगीर स्वतःच्या कमरेला बांधलं. लायलचं वजन भरून काढायला पाखरांच्या दाण्यांची दोन पोती कमरेशी अडकवली. ओंडक्यावर चढली, दोर अडकवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मागं रेलली. पाय सुटले. मग बैठकीनं तिला अलगद झेललं.

अठरा वर्षं ती माणसं या झाडाला टांगत होती, आणि ती काय बघतात हे तिला ठाऊक नव्हतं. ती बघतात साल. वीतभरावर साल, तिच्या भेगा, भेगेतून चाललेली एक मुंगी. बाकी काही नाही. पाठीमागं कोण आहे, आहे की नाही, ते दिसत नाही. नुसतं धरून चालायचं की कुणीतरी टोपली घेऊन बसलंय आणि ऐकतंय. लायलनं तीन तास असं धरून चालून आपलं घर, बायको, रेडिओ, सगळं या भेगांत सांगितलं होतं. हिल्माच्या पाठीशी खुर्ची होती, रिकामी. वाऱ्यानं ती मधूनच करकरायची. तिला वाटलं आपणही बोलावं. पण शब्द आला तो आईच्या चालीवर आला, हलक्या आवाजात, सालीला ऐकू जाईल इतपत:

*झाडा रे झाडा, तुला पाठ नाही पोट,*
*कोणत्या बाजूनं सांगू माझ्या कामातली खोट.*

उजव्या मांडीत पट्टा जरा रुतत होता. लायल भार उजवीकडे देतो म्हणूनच तिथं ठेवलेला ताण, त्याला रुतणार नाही. मुंगी वर गेली. घड्याळाची टिकटिक पायरीवरून ऐकू येत होती.

"अरे देवा," मागून बेव म्हणाली. "हरणाची वाट बघत्येस की आणखी कुणाची?"

"तासाला अजून वीस मिनिटं आहेत."

"आणि ही पोती?"

"वजन कमी पडत होतं."

बेव जवळ आली. तिच्या हातात पाकिटं होती, ती तिनं खुर्चीवर ठेवली आणि झाडाला वळसा घालून हिल्माच्या समोर येऊन उभी राहिली. चेहरा पाहिल्यावर तिची जीभ जरा आवरली.

"मंगळवारी त्याचा ट्रक दहा मिनिटांत गेला," ती म्हणाली. "मी म्हटलं, भांडलात."

"नाही भांडलो. मी त्याचा जीव घेणार होते, आणि त्याला सांगितलं."

बेवला पूर्ण गोष्ट सांगायला हिल्माला तीन वाक्यं लागली. बेवनं ऐकून घेतलं. ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली, आणि तिनं पोत्यातले चार दाणे काढून हातात खेळवले.

"माझ्या वाटेवरच आहे त्याचं घर," शेवटी ती म्हणाली. "बांधून दे. चिठ्ठी घालणार असलीस तर छोटी घाल, तो चष्मा लावत नाही."

चिठ्ठीत हिल्मानं लिहिलं: *एकदाच शिवलंय. तासभर टांगलंय, एकशे नव्वद पौंडांवर. उन्हाला धरून बघा.* सही केली, आणि सहीच्या वर आणखी काहीतरी यायला हवं म्हणून बराच वेळ पेन धरून बसली. काही आलं नाही.

मग दिवस गेले. ओहायोहून दोन पार्सलं आली, एक मिनेसोटाहून. मेपल आधी वरून लाल झाला, मग सगळा. मंगळवार आला तेव्हा हिल्मानं सवयीनं पाव भाजला, आणि दुपारी तो कापायचं कारण नाही हे लक्षात आल्यावर फडक्यात गुंडाळून ठेवला. पलीकडच्या रानात कुणीतरी पहिलं हरीण मारलं, ट्रकच्या मागं घालून नेताना दिसलं. ती प्रत्येक ट्रक बघत होती असं नाही. खिडकी रस्त्याकडेच होती.

आठवड्यानं, दुपारी चारच्या सुमारास, फोन वाजला.

"हळू बोला," पलीकडून कुजबुज आली. "झाडावर आहे."

हिल्मानं यंत्राचा दिवा बंद केला, जणू त्याचाही आवाज होता. "किती वर?" तिनं कुजबुजत विचारलं.

"वीस. जरा जास्तच." थोडा वेळ नुसता श्वास. "पहिले चार दिवस खालीच बसलो. एक हरणी आली, अगदी दहा पावलांवर. माझा वास घेतला, नाक फुरफुरवलं, आणि अशी बघून गेली की मलाच लाज वाटली."

"मग?"

"मग वर आलो. उन्हाला धरून बघितलं आधी. तीनदा बघितलं."

"बरं केलंत."

"ठीक बसलंय. कुठं रुतत नाही." पुन्हा श्वास. "काही बदलायला नको."

काही बदलायला नको. एकतीस वर्षं आणि वर अठरा, तिला हेच ऐकायचं असे, आणि ऐकलं की दार लागायचं. हिल्मानं फोनची तार बोटाभोवती गुंडाळली. आता गप्प बसलं तर तो 'बरं' म्हणेल. तिनं कधी कुणाला कामाशिवाय बोलावलं नव्हतं. बोलावतात कसं, तेच तिला ठाऊक नव्हतं.

"काम नसताना याल का?" ती म्हणाली. "नुसतं. बसायला. खुर्चीत."

पलीकडे काही नाही. फांदी घासल्यासारखा आवाज, दूर कुठं तरी एक कावळा. त्याच्या समोर या क्षणी साल असणार, वीतभरावर. हरीण आलं असेल म्हणून गप्प आहे, की बोलायचं नाही म्हणून, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

"मला अजून राग आहे," तो शेवटी म्हणाला.

"असणारच."

"रात्री अंथरुणात एकदम जाग येते. हात कमरेला जातो."

"हो."

"हंगाम संपू दे, हिल्मा."

आणि फोन बंद झाला. त्यानं केला, की डोंगराआड सिग्नल गेला, कोण जाणे.

धनुष्याचा हंगाम नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संपतो. हिल्मानं भिंतीवरची तारखांची पानं उलटून पाहिली, मोजली, आणि पुन्हा ऑक्टोबरवर आणून ठेवली. बारा आठवडे. तोवर तळं गोठलेलं असेल आणि रस्ता भिंतींत गेलेला असेल. तिनं याहून लांब हिवाळे काढले होते, पण त्यांच्या पलीकडे कुणी काही कबूल केलेलं नव्हतं. आणि आताही केलं होतं की टाळलं होतं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. पट्टा जेवढा भार घेईल तेवढाच त्यावर टाकावा.

तिनं दिवा लावला, मिनेसोटाचं पार्सल फोडलं आणि आतला पट्टा खिडकीत धरला. छत्तीस कंबर. जाड होता, गाठीनं भागणार होतं.